आठवीतल्या मुली तोच सिनेमा पाचव्यांदा का बघतात?

मे महिन्यातली दुपार, साडेतीनचा सुमार. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी हॉलचे पडदे ओढलेले, पंखा पाचावर, आणि सतरंजीवर पाच मुली एका लॅपटॉपसमोर पालथ्या पडलेल्या. मधोमध स्टीलच्या ताटलीत कैरीच्या फोडी, तिखट-मीठ लावून. त्यातली एक माझी भाची, नुकतीच आठवी संपवलेली. सिनेमा म्हणाल तर अमेरिकेतल्या शाळेतला, विनोदी, पहिल्या अर्ध्या तासात शेवट ओळखता यावा असा. या पाचजणींनी तो दिवाळीत पाहिला होता, नाताळच्या सुट्टीत पाहिला होता, वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन आल्या त्या संध्याकाळी पाहिला होता, आणि मध्ये एकदा कधीतरी, ज्याची घरच्यांना खबर नव्हती. पडद्यावरची मुलगी तोंड उघडायच्या आत यांचं वाक्य म्हणून झालेलं असायचं.

मग तो प्रसंग आला. नायिकेची सगळ्या शाळेसमोर शोभा होते तो. उशा तोंडावर गेल्या. "ईऽऽ, नको, नको! किती क्रिंज! पुढे कर ना!" जिच्या हाताशी लॅपटॉप होता तिने पुढे केलं नाही. दहा सेकंद मागे नेलं. पुन्हा उशा, पुन्हा किंचाळ्या.

रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, गणितात नव्वद मार्क आणणारी मुलगी ही. त्या सिनेमात काही नाहीये, हे हिला कळत नाही का गं?"

हा प्रश्न आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच घरांत पडतो. शनिवारी टीव्हीचा रिमोट मुलीच्या हातात गेला की बापमंडळी हळूच बाल्कनीत जातात. नक्की काय आहे त्या सिनेमांत? मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत असते आणि सुट्टीत पाच मुलींना कैऱ्या कापून देत असते. एवढ्या भांडवलावर हे लिहिते आहे.

टीन कॉमेडी म्हणजे काय?

इंग्रजीत तेरापासून एकोणीसपर्यंतच्या आकड्यांच्या शेवटी 'टीन' येतं, म्हणून त्या वयाची मुलं टीनएजर. त्यांच्याभोवती फिरणारा हलकाफुलका, हसवणारा सिनेमा म्हणजे टीन कॉमेडी. मराठीत या वयाला 'पौगंडावस्था' असा शब्द आहे. तो उच्चारला की कुणीतरी स्टेथोस्कोप घेऊन तपासायला आल्यासारखं वाटतं, त्यामुळे या लेखात तो पुन्हा येणार नाही.

पाककृती ठरलेली असते. पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी, आपण कुणाच्या खिजगणतीत नाही असं वाटणारी. एक जिवाभावाची मैत्रीण. शाळेतला एक दिमाखदार कंपू, ज्यात शिरायची हिला आतून इच्छा असते. एक गुपित, जे फुटतं. मैत्रिणीशी कडाक्याचं भांडण. आणि शेवटी प्रॉम, म्हणजे अमेरिकन शाळांतला वर्षअखेरचा नाचाचा समारंभ, किंवा तसंच काहीतरी, जिथे सगळं मार्गी लागतं.

अमेरिकेतल्या बाजाराला हे वय वेगळं गिऱ्हाईक म्हणून दिसलं ते १९४० च्या दशकात. खास या मुलींसाठी काढलेलं 'सेव्हन्टीन' हे मासिक १९४४ चं. १९८० च्या दशकात जॉन ह्यूज या दिग्दर्शकाने शाळकरी मुलांच्या सिनेमांना घाट दिला. त्याचा १९८४ चा 'सिक्स्टीन कँडल्स' उभा आहे तो एवढ्याच गोष्टीवर, की मुलीचा सोळावा वाढदिवस घरातले सगळे विसरतात. मोठ्या माणसाला हे दुःख केवढंसं वाटेल! सोळाव्या वर्षी तेच आभाळाएवढं असतं, आणि या सिनेमांनी ते आभाळाएवढंच दाखवलं.

पुढे १९९५ चा 'क्लूलेस' आला. तो जेन ऑस्टिनच्या १८१५ सालच्या 'एमा' कादंबरीवरून घेतलेला, फक्त इंग्लंडमधल्या गावाऐवजी कॅलिफोर्नियातल्या श्रीमंत वस्तीत नेलेला. तीच कादंबरी २०१० मध्ये 'आयशा' होऊन दिल्लीत आली. म्हणजे 'काही नाहीये' म्हणून ज्याला आपण नाक मुरडतो, त्याचा सांगाडा दोनशे वर्षं टिकलेला आहे. आणखी एक बघा. 'क्लूलेस' लिहिला आणि दिग्दर्शित केला एमी हेकरलिंगने. २००४ च्या 'मीन गर्ल्स'ची पटकथा टीना फेची. २००१ चा 'द प्रिन्सेस डायरीज' मेग कॅबटच्या कादंबरीवरचा. २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेला 'टू ऑल द बॉइज आय हॅव लव्हड बिफोर' जेनी हानच्या कादंबरीवरचा. यातल्या प्रत्येकीला स्वतःचं तेरावं वर्ष पक्कं लक्षात असणार. तेरावं वर्ष विसरलेलं माणूस असलं काही लिहू शकत नाही.

खरा विषय प्रेम नाही, पोपट आहे

आईबाबांना वाटतं, मुली हे सिनेमे त्यातल्या मुलासाठी बघतात. मुलगा असतो, दिसायलाही बरा असतो. पण कुठला प्रसंग मागे नेऊन बघतात त्यावर नजर ठेवा. नव्वद टक्के वेळा तो प्रसंग फजितीचा असतो. (हा टक्का माझ्या हॉलपुरता.)

नेटफ्लिक्सच्या त्या सिनेमातल्या मुलीने आवडलेल्या पाच मुलांना पाच पत्रं लिहून ठेवलेली असतात, कधीच न पाठवण्यासाठी. धाकटी बहीण ती गुपचूप पोस्टात टाकते. सगळी गोष्ट तिथून सुरू होते. पिक्सारच्या २०२२ च्या 'टर्निंग रेड'मध्ये तेरा वर्षांच्या मुलीच्या वहीतली चित्रं आईच्या हाती लागतात. चित्रं दुकानात काम करणाऱ्या एका पोराची. आई काय करते? मुलीला घेऊन थेट त्या दुकानात जाते आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर वही दाखवते. या प्रसंगाला माझी भाची दर वेळी पाणी प्यायला उठते, आणि फ्रीजच्या दारामागून बघत राहते.

आमच्या लहानपणी याला 'कचरा होणे' म्हणत. मग 'पोपट' आला. आता 'क्रिंज' आहे. शब्द बदलत गेले, कान मात्र तसेच लाल होतात.

या वयात फजिती एवढी का लागते? डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये यासाठी एक कल्पना मांडली: काल्पनिक प्रेक्षक. वाढीच्या वयात मुलांना दुसऱ्याच्या मनात काय चाललं असेल याचा विचार करता यायला लागतो. ही नवी ताकद. पण ती नवीन असल्यामुळे हिशेब चुकतो. 'मी दिवसभर माझाच विचार करते' आणि 'इतर लोकही कसला तरी विचार करत असतात' ही दोन वाक्यं एकमेकांत मिसळतात आणि उत्तर निघतं, 'सगळे दिवसभर माझाच विचार करतात.' गडकरी रंगायतनच्या स्टेजवर एकटीला उभी केली आहे, झोताचा दिवा तोंडावर आहे, समोरच्या काळोखात हजार माणसं बसली आहेत, असं समजून मुलगी रिक्षा स्टँडपासून शाळेच्या गेटपर्यंत चालत जाते. म्हणून तर नाकावरची एक पुटकुळी झाकायला शाळेत मास्क लावून जाते. काल्पनिक प्रेक्षकाला ती पुटकुळी बाल्कनीतूनसुद्धा दिसते.

हा हिशेब मोठेपणीही पुरता सुधारत नाही. कॉर्नेल विद्यापीठातला २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एकेक करून, एका जुनाट समजल्या जाणाऱ्या गायकाचं भलंमोठं चित्र असलेला टी-शर्ट घालायला लावला आणि इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं. मग विचारलं, किती जणांनी टी-शर्ट पाहिला असेल? अंदाज आला जवळपास निम्म्यांचा. खरा आकडा त्याच्या निम्मा, म्हणजे चौथ्या हिश्श्याच्या आसपास. जेवढे लोक आपल्याकडे बघतात असं आपल्याला वाटतं, त्याच्या साधारण निम्मेच बघतात.

याला माझ्याकडे घरचा पुरावा आहे. नववीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मी 'आणि म्हणूनच मित्रांनो' इथपर्यंत आले आणि पुढचं पुसलं गेलं. पाटी कोरी. म्हणून पुन्हा म्हटलं, 'आणि म्हणूनच मित्रांनो'. असं चार वेळा. चौथ्यांदा मागच्या बाकावरून कुणीतरी 'काय?' असं ओरडलं आणि अख्खा हॉल फुटला. त्यानंतर कित्येक महिने मला गल्लीतल्या कुत्र्यालाही ते माहीत आहे असं वाटायचं. तीस वर्षांनी गोखले रोडवर साबुदाणा घेताना वर्गमैत्रीण भेटली. तिला मी त्या स्पर्धेत होते हेसुद्धा आठवेना. तिला आठवत होता तो तिचा स्वतःचा कचरा, सहलीच्या बसमधला. तो मला अजिबात आठवत नव्हता.

तर मुली उशीआडून बघतात तो हा प्रकार. आपल्याला ज्याची सर्वांत जास्त धास्ती आहे, ते दुसऱ्या एका मुलीच्या बाबतीत घडतं. पूर्ण घडतं, काही राखून न ठेवता. आणि ती मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत जाते.

पण शेवट माहीत असताना मजा कसली?

ही शंका घेणाऱ्यांत भाचीचे बाबा आघाडीवर. याच गृहस्थांनी २०११ च्या वर्ल्ड कप फायनलमधला धोनीचा तो शेवटचा सिक्स किती वेळा पाहिला असेल याची मोजदाद नाही. चेंडू दर वेळी प्रेक्षकांतच जातो. तरी हे दर वेळी खुर्चीच्या कडेवर.

शेवट माहीत असणं हीच तर इथली सोय. बाळाशी आपण 'बुवा कुक' खेळतो. आई पदराआड जाते, बाळ क्षणभर घाबरतं, आई येते, बाळ खदखदून हसतं. मग पुन्हा. आई येणारच याची खात्री असल्याशिवाय त्या घाबरण्यात मजा नाही. आणि घाबरलंच नाही, तर हसू फुटत नाही. टीन कॉमेडीत फजिती हा पदर, आणि गोड शेवट म्हणजे पदरामागून परत आलेली आई. पाचव्यांदा बघताना भीती थोडी कमी झालेली असते, हसू तेवढंच असतं. दहा सेकंद मागे नेणाऱ्या मुलीने त्या दुपारी तेच केलं होतं: 'पुन्हा बुवा कुक कर.'

आपल्याकडे हे नवीन आहे असं समजू नका. भोंडला आठवा. नवरात्रात पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरायचा आणि गाणी म्हणायची. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आजही गाड्या हलवून होतो. ती गाणी कसली आहेत? एकात बायकोने केलेल्या करंज्या बघून वेडा नवरा त्यांना होड्या समजतो आणि पाण्यात सोडतो. लाडू दिसले तर चेंडू म्हणून खेळायला घेतो. दुसऱ्यात सून माहेरी जायची परवानगी मागते आणि सासू तिला कारल्याचा वेल लावण्यापासून कामाला लावते. वेल लावला, आता कारलं येऊ दे. कारलं आलं, आता भाजी कर. सुटका काही लवकर होत नाही.

मुलींच्या लग्नाचं किमान वय चौदा करणारा सारडा कायदा आला १९२९ मध्ये. त्याआधी माझ्या भाचीच्या वयाची मुलगी बहुधा सासरी असायची किंवा जायच्या बेतात. नवरा कसा निघेल, सासू माहेरी पाठवेल की नाही, ही तिची खरी, पोटात गोळा आणणारी भीती. मुलींनी त्या भीतीचं काय केलं? तिला चाल लावली, तिच्यावर हसल्या, सगळ्याजणी मिळून, पुरुष माणूस आसपास नसताना, दर वर्षी तेच शब्द, तोच क्रम, आणि शेवटी खिरापत. गाण्याचा शेवट माहीत आहे म्हणून भोंडल्याला कुणी गेलं नाही असं ऐकिवात नाही. आजच्या मुलीची भीती सासूची राहिलेली नाही, वर्गाच्या ग्रुपवर फिरलेल्या स्क्रीनशॉटची आहे. भूक तीच आहे.

घोळका का लागतो?

हेच सिनेमे मोठी बाई एकटीने बघते तेव्हा फार तर गालात हसते. हसणं हा मुळात चारचौघांत करायचा उद्योग. रॉबर्ट प्रोव्हाइन या मानसशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं हसण्याचाच अभ्यास केला. माणूस एकटा असताना जेवढा हसतो त्याच्या ३० पट माणसांत असताना हसतो, असं त्याला दिसलं. शिवाय बहुतेक हशा काही फार मोठ्या विनोदावर पिकत नाही, साध्यासुध्या वाक्यांवर पिकतो. कैरीची फोड आंबट लागली यावर पाच मुली चार मिनिटं हसू शकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग हीरो कशाला असतो?

शोभेला, असं म्हणायचा मोह होतो. त्याला काम आहे, पण लहान. या सिनेमांत रडू येतं ते मैत्रीण तुटते तेव्हा.

मुलग्यांमध्ये वैर झालं की बहुधा कॉलर धरली जाते, बटणं तुटतात, घरी चिठ्ठी जाते. मुलींची मारामारी दिसतच नाही. डबा खाताना जागा न ठेवणं, वाढदिवसाला एकीला वगळणं, आपण आलो की बोलणं थांबणं. १९९५ मध्ये निकी क्रिक आणि जेनिफर ग्रॉटपीटर या अमेरिकन संशोधकांनी शाळकरी मुलांच्या अभ्यासात या प्रकाराला आक्रमकपणातच धरलं. आपण त्याला हात न लावता केलेली मारामारी म्हणू. याआधी त्याला 'मुलींचे रुसवेफुगवे' म्हणून सोडून दिलं जायचं. अजूनही दिलं जातं.

'मीन गर्ल्स' हा सिनेमा ज्या पुस्तकावरून निघाला ते गोष्टीचं पुस्तक नव्हे. रोझलिंड वाइजमन यांनी २००२ मध्ये पालकांसाठी लिहिलेलं ते मार्गदर्शन आहे: मुलींचे कंपू कसे चालतात, राणी कोण असते, हुजऱ्या कोण, निरोप्या कोण. टीना फेने त्याचा विनोदी सिनेमा केला. आईबापांनी वाचायचं पुस्तक मुलींपर्यंत हसत हसत पोचलं.

मघाशी मी म्हटलं, उशा तोंडावर गेल्या. चार गेल्या. पाचवी मुलगी, कडेला भिंतीला टेकून बसलेली, तशीच बघत होती. पापणी न लववता. हिच्या कंपूने फेब्रुवारीत नवा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला होता, सगळी तीच नावं, एक कमी. हे मला भाचीने नंतर सांगितलं. भांडण म्हणावं तर झालंच नव्हतं, त्यामुळे मिटवणार तरी काय. पडद्यावर नायिका एकटी बाथरूममध्ये डबा खात होती तेव्हा ही मुलगी संवाद पुटपुटत नव्हती, पण तिचा हात ताटलीकडे जाताजाता मध्येच थांबलेला होता.

यातून मुली उलट बोलायला शिकतात का?

शिकतात थोड्या. त्या न बघताही शिकल्या असत्या, फक्त मराठीत.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये 'फ्रीकियर फ्रायडे' आला. २००३ च्या 'फ्रीकी फ्रायडे'चा हा पुढचा भाग. पहिल्यात आई आणि मुलगी एका सकाळी एकमेकींच्या शरीरात जाग्या होतात. पुढच्या भागात आजी आणि आणखी एक मुलगी मिळून अदलाबदल चौघींची होते. बहीण, भाची आणि मी हायवेलगतच्या मॉलमध्ये तो बघायला गेलो. पहिला भाग आला तेव्हा बहीण कॉलेजात होती आणि मुलीच्या बाजूने हसली होती. आता ती आईच्या संवादांना हसत होती, भाची मुलीच्या. दोघी एकाच वेळी फारशा हसल्या नाहीत. परतताना रिक्षात बहीण म्हणाली, "बघ, त्या आईला किती त्रास होतो." भाची म्हणाली, "त्या मुलीला होतो गं आई." मीटरकडे बघत मी गप्प बसले. निदान त्रास दोघींना होतो यावर एकमत होतं.

चष्मा काढला की राजकन्या?

इथे मात्र मी या सिनेमांची वकिली करणार नाही. 'द प्रिन्सेस डायरीज'मधल्या मुलीला कळतं की आपण एका छोट्या देशाची राजकन्या आहोत, आणि लगेच तिचे कुरळे केस सरळ केले जातात, चष्मा जातो, भुवया कोरल्या जातात. याला मेकओव्हर म्हणतात, आणि तो या सिनेमांत इतक्यांदा येतो, की मुलींना तो निसर्गनियम वाटावा. सिनेमा तोंडाने म्हणतो 'तू आहेस तशी छान', आणि पुढच्या दृश्यात हातात कंगवा घेतो.

माझ्या भाचीचे केस कुरळे आहेत. "मावशी, ती आधीच छान दिसत होती," असं ती त्या दृश्याला ठासून म्हणते. राम मारुती रोडवरच्या पार्लरमध्ये केस सरळ करायला किती घेतात, हेही तिने मला दोनदा विचारलं आहे. दोन्ही खरं.

नायिका बारीक, उजळ, पैसेवाल्या घरची हेही वर्षानुवर्षं चाललं. अलीकडे फरक पडतो आहे. त्या पाच पत्रांवाल्या मुलीची आई कोरियन वंशाची, 'टर्निंग रेड'मधलं कुटुंब टोरांटोतलं चिनी वंशाचं, आणि २०२० च्या 'नेव्हर हॅव आय एव्हर' या मालिकेतली मुलगी तमिळ घरातली. तिथली आई ओरडते ते ऐकून आमच्या हॉलमध्ये कुणालाही भाषांतर लागलं नाही.

वयाचं काय?

सिनेमा हलका आहे म्हणून सगळाच निर्धोक असतो असं नाही. मॉली रिंगवॉल्ड ही १९८० च्या दशकातल्या ह्यूजच्या सिनेमांची नायिका. तिने २०१८ मध्ये 'न्यू यॉर्कर'मध्ये एक लेख लिहिला. स्वतःच्या मुलीसोबत आपलाच 'द ब्रेकफास्ट क्लब' बघताना तिला त्यातली काही दृश्यं खटकली, मुलाने मुलीशी केलेली जबरदस्ती विनोद म्हणून खपवलेली. तेव्हा ते तिला स्वतःलाही तितकं जाणवलं नव्हतं. तरी ते सिनेमे तिने झिडकारले नाहीत. त्यांच्यावरचं प्रेम आणि हा राग, दोन्ही तिने एकाच लेखात ठेवलं.

आपल्याकडे पूर्वी 'यूए', म्हणजे लहान मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायचा, या एकाच खणात सगळं कोंबलेलं असायचं. २०२४ च्या प्रमाणपत्र नियमांपासून थिएटरमधल्या सिनेमांसाठी त्याचे तीन भाग झाले: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. ओटीटीवर अशी वयोगटवारी २०२१ च्या नियमांपासून आहे, आणि १३+ व त्यावरच्या कार्यक्रमांना पालकांना कुलूप लावता येईल अशी सोय देणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. सेटिंगमध्ये जाऊन चार आकड्यांचा पिन टाकायचा, एवढंच. आमच्याकडे तो पिन भाचीनेच सेट करून दिला, ही गोष्ट वेगळी.

मराठीत ही मुलगी कुठे आहे?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: आपलं सोडून अमेरिकेतलं कशाला? मी उलट विचारते, आपलं कुठलं?

शाळकरी वयावर मराठीत उत्तम काम झालं आहे. मिलिंद बोकीलांच्या कादंबरीवरचा 'शाळा' आहे. पण गोष्ट मुकुंदाची आहे. शिरोडकरच्या मनात काय चाललं आहे, ते मुकुंदाच्या अंदाजातूनच आपल्याला कळतं. पहिल्या नावाऐवजी आडनावच आठवतं. २०१४ चा 'टाइमपास' दगडूच्या टपोरी डोळ्यांतून. २०१३ च्या 'बालक-पालक'मध्ये चाळीतल्या टोळीत मुलीही आहेत आणि तो प्रामाणिकही आहे, तरी एका मुलीचा असा तो सिनेमा नव्हे. 'सैराट'मधली आर्ची बुलेट चालवते, पण तिच्या वाट्याला शेवट कसला आला ते सांगायला नको. तिच्यावर उशी तोंडावर घेऊन हसत बसता येत नाही.

हिंदीत फार जुना एक आहे, १९७१ चा हृषीकेश मुखर्जींचा 'गुड्डी'. दोन वेण्यांतली जया भादुरी, शाळा, मैत्रिणी, आणि धर्मेंद्रवर जडलेलं भाबडं प्रेम. सिनेमा तिच्यावर हसतो पण तिला हिणवत नाही. पन्नासहून जास्त वर्षं झाली. मध्यंतरी मी तो या पाचजणींना लावून दिला. पहिली दहा मिनिटं कुरकुर झाली, मग गप्प झाल्या, मग एक म्हणाली, "हिचं पण सेमच आहे."

आपल्याकडे मुलगी गोष्टीच्या मध्यभागी येते ती बहुतेकदा तिच्यावर काहीतरी कोसळतं तेव्हा. लग्न, अत्याचार, समाज. ते सिनेमे व्हायलाच हवेत. पण निव्वळ एक पोपट झाला, मैत्रिणीशी कट्टी झाली, आईने क्लासच्या सरांसमोर लाडाच्या नावाने हाक मारली, आणि शुक्रवारपर्यंत सगळं ठीक झालं, असा सिनेमा डोंबिवली-ठाण्यातल्या मुलीच्या वाट्याला मी तरी पाहिलेला नाही. मग ती कॅलिफोर्नियातल्या शाळेत जाऊन बसते. भाडं स्वस्त आहे.

त्या दुपारी सिनेमा संपला तेव्हा साडेपाच झाले होते. चहा टाकला. पाचजणी स्वयंपाकघराच्या दारात गोळा होऊन टोस्ट बुडवून खात होत्या. भाची म्हणाली, "मावशी, तुझा कधी झाला होता का पोपट?" मी वक्तृत्व स्पर्धेचं सांगितलं. 'मित्रांनो' वर दुसऱ्यांदा अडकले तिथेच एकीच्या नाकातून चहा आला. मागच्या बाकावरचा 'काय?' मी आवाज काढून केला. घरात असा कल्ला झाला, की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून वर बघून विचारलं, काय झालं म्हणून.

हसणं ओसरलं. भिंतीला टेकून बसणारी ती मुलगी तोवर काही बोलली नव्हती. तिने कप ओट्यावर ठेवला.

"मावशी, परत सांगा ना. त्या 'मित्रांनो'पासून."